विरोधी बाजूचे मुद्दे

माझी बायको मोजणी खात्यात आरेखक आहे. जमिनीच्या हद्दी कागदावर उतरवणं हे तिचं काम. कुणाचं कुंपण कुठे संपतं यावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात आणि शेवटी हिनं ओढलेल्या रेघेपाशी येऊन थांबतात. सव्वीस वर्षांत तिची एक रेघ चुकली असं मी ऐकलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून लोक तिला भाबडी समजतात.

ती मुलांची पुस्तकं वाचायची. मागच्या पानावर ‘वयोगट नऊ ते बारा’ असं छापलेलं असतं, ती. बोलणारे प्राणी, भिंतीत उघडणारे दरवाजे, शाप लागलेली राज्यं. ऑफिसातून आली की हातपाय धुऊन, चहाचा कप घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची. मग तासभर तिला हाक मारण्यात अर्थ नसे.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. बातमी कुणाचीही असो, मथळा माझा. मोजक्या शब्दांत, वाचणाऱ्याला लागेल असं लिहायचं, हे माझ्या हातात बसलेलं आहे आणि त्याची मला घमेंडही होती. तिच्या वाचनाबद्दल मी कधी वाईट बोललो नाही. पाहुण्यांनी विचारलं तर ‘छंद आहे तिचा’ एवढंच म्हणायचो. सोबत जरासा हसायचो, बाकीचं ते हसू सांगायचं. कुणी येणार असलं की बाहेरच्या खोलीतला पुस्तकांचा ढीग मी आत नेऊन ठेवायचो. पाहुणे गेले की ती तो परत बाहेर आणायची. यावर आमचं कधी बोलणं झालं नाही.

आम्हांला मूल नाही. पहिली सात-आठ वर्षं डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, मग आम्ही तो विषय बंद केला. बंद केला म्हणजे ती बोलायची थांबली आणि मी सुटलो. लोक मूल नसणं आणि तिचं वाचन यांची सांगड घालायचे. माझ्या वहिनीनं तर एकदा तोंडावर विचारलं होतं, की यात मन रमतं का गं तुझं, मूल नसल्याचं जरा विसरायला होतं का?

“नाही हो वहिनी,” ही म्हणाली, “मी लग्नाच्या आधीपासून वाचते.”

ते खरं होतं. आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा तिच्या पर्समध्ये असलंच एक पुस्तक होतं. वहिनीला ते पटलं नाही. मलाही, खरं सांगायचं तर, तितकंसं पटलेलं नव्हतं.

एकदा मी तिला विचारलं, की यात तुला एवढं काय मिळतं. ती म्हणाली, “तिथे शब्द दिला की पाळावा लागतो. राक्षसालासुद्धा. नाही पाळला तर विहिरी आटतात, झाडं वठतात, काहीतरी होतंच. मोठ्यांच्या पुस्तकांत सगळे सगळ्यांतून सुटतात आणि मग त्यावर विचार करत बसतात.” मी हसलो. म्हटलं, हे रविवारच्या पुरवणीला छान जाईल. तिनं पुस्तक पुन्हा उघडलं.

तिला साथ एकाच माणसाची होती. माझ्या मोठ्या भावाची आणि याच वहिनीची मुलगी, समोरच्याच इमारतीत राहणारी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो. पण सातव्या वर्षापासून ही भिंगरी काकूच्या खुर्चीच्या हातावर तास तास बसायला लागली. दोघींनी मिळून सात खंडांची एक मालिका धरली होती. समुद्राखाली गेलेलं मिठाचं शहर शोधायला निघालेल्या तीन भावंडांची. नवा खंड आला की भिंगरी आधी वाचायची, कारण तिला धीर नसे. मग त्यातला नावाडी फितूर आहे की नाही यावरून दोघी इतक्या भांडायच्या, की मला आतल्या खोलीचं दार लावून घ्यावं लागायचं.

पाचव्या खंडाच्या नकाशात बायकोला चूक सापडली. मीठनदी उतारावरून निघून टेकडीवर चढत होती. तिनं प्रकाशकाला तीन पानी पत्र लिहिलं आणि सोबत ट्रेसिंग पेपरवर शाईनं काढलेला दुरुस्त नकाशा जोडला. महिन्याभरानं उत्तर आलं. ‘प्रिय छोट्या दोस्ता, तुझं चित्र आम्हांला फार आवडलं. असाच खूप खूप वाच आणि मोठा हो.’ सोबत ड्रॅगनचं एक चकचकीत स्टिकर. वाचून ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पत्र तिनं कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलं. भिंगरी आणि मी सोडून ते कुणाला माहीत नव्हतं.

भिंगरी पंधरा वर्षांची झाली तसं तिचं येणं कमी झालं. सहावा खंड तिनं नेला आणि दीड महिन्यानं परत केला. नावाड्याचं काय वाटतं, असं काकूनं विचारलं तर म्हणाली, “मी चाळलं नुसतं. अभ्यास आहे ना.” मैत्रिणी बरोबर असल्या की ती रस्त्याच्या पलीकडूनच हात करायची.

त्या वर्षी आंतरशालेय वादविवाद स्पर्धेचा विषय लागला, ‘मुलांसाठी लिहिलेल्या अद्भुत कथा मोठ्यांनी वाचाव्यात का?’ चिठ्ठ्या टाकल्या, भिंगरीला विरोधी बाजू आली. रविवारी दुपारी ती वही घेऊन माझ्याकडे आली.

“काका, मुद्दे द्या ना. शाळेतून काय देतात ते मला माहितीये. सगळेजण तेच बोलतील.”

बायको तिथेच कपडे घड्या करत होती. भिंगरी तिच्याकडे बघून जरा चपापली.

“माझी भीड धरू नकोस,” ही म्हणाली. “विरोधात बोलायचंय तर नीट बोल. अर्धवट बोललीस तर मला राग येईल.” मग कपड्यांचा गठ्ठा उचलून म्हणाली, “मी आत जाते. मला आत्ता काही ऐकायचं नाही. स्पर्धेला येऊन ताजं ऐकेन.”

मी चार पानं लिहून दिली. हात चालायला लागला की माझा थांबत नाही. माणसानं एका वयात एक दार मागे लावून घ्यायचं असतं, असं लिहिलं. त्या गोष्टींतली मुलंसुद्धा शेवटी घरी परततात, मोठा वाचक मात्र तिथेच मुक्काम ठोकतो, असं लिहिलं. हे वाक्य भिंगरीला फार आवडलं. “काका, अजून असं. असं लागेल असं.”

आणि मग मी लिहिलं, ‘ज्या घरात मुलं येत नाहीत, तिथे मुलांची पुस्तकं येतात.’

पेन खाली ठेवून मी ते दोनदा वाचलं. जमलं होतं. अशी वाक्यं वर्षातून एखाद-दोनदाच जमतात. मग मी ते खोडलं. एक आडवी रेघ मारली. जे खरोखर कुणाच्या नजरेला पडू नये असं वाटतं, ते मी गिरवून काळं करतो. तीस वर्षांची सवय आहे. त्या दिवशी मी एकच रेघ मारली आणि कागद भिंगरीच्या हातात दिला.

स्पर्धेच्या दिवशी बायकोनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली. आम्ही तिसऱ्या रांगेत बसलो. माझ्या डाव्या हाताला ती, तिच्या पलीकडे वहिनी, मोबाइल समोर धरून. आधीचा मुलगा कल्पनाशक्तीवर बोलला आणि मधेच अडकला. मग भिंगरी आली. केस घट्ट बांधलेले, हातात कागद नाही.

तिनं सुरुवातच अशी केली, “माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. सरकारी नोकरीत आहेत, नकाशे काढतात.” आणि तिनं मीठनदीची गोष्ट सांगितली. ती मी लिहून दिलेली नव्हती, ती तिची तिनं घातली होती. तीन पानी पत्र, ट्रेसिंग पेपर, ‘प्रिय छोट्या दोस्ता’. ‘मोठा हो’ या शब्दांवर ती अशी थांबली, की सभागृह खदखदून हसलं. परीक्षकही हसले. बायकोसुद्धा हसत होती, थोडीशी, ओठ मिटून.

शेवटाकडे भिंगरीनं आवाज खाली आणला. ते मी तिला शिकवलं होतं. “आपण हसलो,” ती म्हणाली, “पण यात हसण्यासारखं काही नाही. ज्या घरात मुलं येत नाहीत, तिथे मुलांची पुस्तकं येतात.”

मग टाळ्यांचा कडकडाट झाला. परीक्षकांतल्या एका वयस्कर बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. वहिनीनं मोबाइल खाली केला आणि आमच्याकडे न बघता तो पर्समध्ये ठेवायला लागली. तो काही केल्या आत जाईना. बायको टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारी बसून मी टाळ्या वाजवाव्यात की नाहीत हे ठरवत होतो.

पहिलं बक्षीस भिंगरीला मिळालं.

आम्ही चालत घरी निघालो. बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. मग म्हणाली, “शेवटचं वाक्य तुझं होतं.”

“ते मी खोडलं होतं.”

“‘आणतात’ म्हणाली असती ती. ‘येतात’ हे तुझं आहे.” थोडं चालल्यावर तिनं विचारलं, “कधीपासून तयार होतं?”

“त्याच दिवशी सुचलं.”

“नाही,” ती म्हणाली. “असलं एका दिवसात सुचत नाही.”

तिनं बरोबर ओळखलं होतं. ते वाक्य या नाही त्या रूपात माझ्या डोक्यात दहा-बारा वर्षं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगरी प्रमाणपत्र दाखवायला आली. काकूनं ते दोन्ही हातांनी धरून पूर्ण वाचलं, खालच्या सह्यांसकट.

“छान बोललीस,” ती म्हणाली.

“काकू, राग नाही ना? तूच म्हणालीस भीड धरू नकोस. आणि ते वाक्य तर काकांचंच होतं.”

“माहितीये मला.”

भिंगरी जरा वेळ चप्पल घालावी की नाही अशी दारात घोटाळली. मग हळूच विचारलं, “सातवा आला का गं?”

आला होता. पंधरा दिवसांपूर्वीच. भिंगरीनं आधी वाचायचा अशी त्यांची रीत, म्हणून बायकोनं त्याचं प्लॅस्टिकही काढलेलं नव्हतं. तिनं तो कपाटातून आणून भिंगरीच्या हातात दिला. भिंगरीनं तो शाळेच्या दप्तरात, वह्यांच्या मधे घातला आणि चेन लावली. चार दिवसांनी धावत परत आली. “काकू, नावाडी—”

“नको सांगूस,” बायको म्हणाली.

“तू वाचणार आहेस म्हणून?”

“नाही. मला नाही वाचायचं.”

भिंगरीचं तोंड एवढंसं झालं. पुस्तक टेबलावर ठेवून ती गेली.

वहिनीनं भाषण घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. तिथून ते कुठे कुठे फिरत मोजणी खात्यात पोचलं. ‘एक बाई’ कोण हे शोधायला तिथे कुणाला वेळ लागला नाही. तिचा एक सहकारी रोज सकाळी विचारायचा, “काय बाई, मीठनदी आली का खाली?” साहेबांच्या पत्नीनं तिला घरी बोलावून एका डॉक्टरांचा पत्ता दिला. हे तिनं मला जेवताना सांगितलं, भाजीत मीठ जास्त झालंय असं सांगावं तसं. कपाटातलं पत्र तिनं काढून टाकलं. खिडकीजवळच्या खुर्चीत ती अजून बसते, पण चहा संपला की उठते.

मी माफी मागितली. एकदा नाही, तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी ती ‘बरं’ म्हणाली. शेवटच्या वेळी म्हणाली, “तू वाईट बोललास याचं मला काही नाही रे. सगळेच बोलतात. पण मी वाचायला घेते आणि दुसऱ्या पानावर मलाच वाटायला लागतं, की हे मी का वाचतेय ते तुला माहितीये. आणि मग मला ते वाचता येत नाही.”

मागच्या महिन्यात तिच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी पुस्तकांच्या दुकानात गेलो. मुलांच्या विभागात गुडघ्याएवढी शेल्फं होती. मी वाकून वाकून बघत होतो. नवीन एक मालिका आली होती, पहिल्याच पानावर दुमडलेला नकाशा. मी ते पुस्तक घेऊन काउंटरवर गेलो.

“कितवीत आहे?” दुकानदारानं विचारलं. “नाही, हे जरा मोठ्या मुलांचं आहे, म्हणून विचारतो.”

“नऊ वर्षांची आहे,” मी म्हणालो. “चौथीत.”

“मग चालेल,” तो म्हणाला. फुग्यांच्या कागदात पुस्तक गुंडाळताना त्यानं सांगितलं, की त्याची मुलगीही तेवढीच आहे आणि जेवतानाही हातातलं पुस्तक सोडत नाही. मी म्हटलं, “आमची पण तशीच आहे.” माझ्या तोंडून ते किती सहज गेलं.

घरी आल्यावर बायकोनं तो फुग्यांचा कागद बघितला. नीट, न फाडता सोडवला. नकाशा उघडून ती नेहमीसारखी त्यावरून बोट फिरवेल असं मला वाटलं. तिनं पुस्तक उघडलं नाही.

“कुणासाठी म्हणून सांगितलंस दुकानात?”

मी खोटं बोलू शकलो असतो. “नऊ वर्षांच्या मुलीसाठी,” मी म्हणालो.

तिनं फुग्यांच्या कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी.

“वीस वर्षं मी त्याच दुकानात जाते,” ती म्हणाली. “तो दर वेळी विचारतो. मी दर वेळी सांगते, माझ्यासाठी.”

आणि ती चहा ठेवायला आत गेली.

पुस्तक आठवडाभर टेबलावर होतं. भिंगरी कसल्याशा निरोपासाठी आली, तिनं ते उचललं, मागचं पान वाचलं. “नेऊ?” तिनं विचारलं. बायको म्हणाली, “ने की.” अजून तिनं ते परत आणलेलं नाही, आणि आमच्यापैकी कुणी मागितलेलंही नाही.