नाव न घ्यायची मुळी

आमच्या सासूबाई, गोजराबाई, गावातल्या साऱ्या भानगडी खुशाल सांगायच्या. औषधाचं नाव मात्र जीव गेला तरी ओठांवर आणायच्या नाहीत. नाव घेतलं की मुळीचा गुण जातो, अशी घोटावड्याच्या जाणत्या बायकांची रीत. त्या एकट्याच डोंगरावर जायच्या आणि पदराखाली काय आणलं ते कुणी विचारायचं नाही.

एक्याऐंशी साली माझी सुली जन्मली आणि पाठोपाठ सासूबाई बांधावरून घसरल्या. पाय प्लास्टरमध्ये. नेमकं तेव्हाच मला दूध पुरेना. नर्सबाईंनी पोरीला काट्याला टांगून पाहिलं नि म्हणाल्या, "वजन वाढत नाहीये." मला रडूच कोसळलं.

उपाय सासूबाईंना ठाऊक होता, पण डोंगर कोण चढणार? त्यांनी लेकाला, किसनला म्हणजे आमच्या ह्यांना, हाक मारली. "काट्याचा येल हाय. मुळ्या खणून आन. नाव इचारू नगंस."

डोंगरात काटेरी वेलींना काय तोटा! हे घोटवेल उपटून घेऊन आले. दुसऱ्या दिवशी आणखी कसलंतरी. माणूस कामाचा, पण झाडपाल्यात अगदीच ढ.

तिसऱ्यांदा चुकीची टोपली आली तेव्हा सुली भुकेनं किंचाळत होती. सासूबाईंचा तोल सुटला. "आरं मुडद्या, शतावर! शतावर आन!"

मग त्या कपाळावर हात मारून रडायला लागल्या. "ग्येला गुण. माझ्याच तोंडानं घालवला."

हे मात्र तडक गेले, कुशाबा गुराख्याला विचारून पांढऱ्या मुळ्यांचा घोसच घेऊन आले. मी त्या ठेचून दुधात उकळून प्यायले. नर्सबाई म्हणाल्या, "घ्या, पण पोरीला पाजणं सोडू नका. वजन मी बघणारच."

हळूहळू पदर भिजायला लागला. काट्यावर सुली भरली, नर्सबाई हसल्या, मी तर नाचायचीच बाकी होते.

सासूबाई पोट भरून झोपलेल्या नातीकडे बघत म्हणाल्या, "माझा पयला ल्योक हगवनीनं ग्येला. सासू म्हायेरी गेलती. त्याच्यावरचं झाड परड्यातच व्हतं गं, पन मला कुनी नाव सांगितलं नव्हतं."

त्यांनी डोळे पुसले.

"दोघी सुना उचला मला," त्या म्हणाल्या. जाऊबाईंनी एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. परड्यातल्या झाडाला त्यांनी हात लावला.

"ह्यो कुडा. म्हना."

आम्ही म्हणालो.