बंपरवरून टपावर

पैज लागली टेलरच्या दुकानासमोर, आणि लागली माझ्यावरून. टेलर म्हणाले, हिला व्हॅनच्या मागच्या बंपरवर बसवा, डाव्या कोपऱ्यात, घोड्याला शेपूट शोभते तशी शोभेल. समोरच्या घरातल्या मिस्त्रीवहिनी म्हणाल्या, टपाच्या मधोमध बसवा, नाहीतर बसवूच नका. बोलता बोलता दोघंही हट्टाला पेटले आणि ठरलं ते असं: घाटातल्या तिन्ही वळणांवरून वहिनींच्या स्वयंपाकघरात आवाज स्वच्छ आला, तर टेलर जिंकले. नाही आला, तर वहिनी. हरेल त्याने दुकानासमोर स्टुलावर चढायचं, डोक्याला गज बांधायचा आणि तासभर अँटेना होऊन उभं राहायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याने 'हॅलो' म्हटलं की 'बोला, ऐकतोय' म्हणायचं. हसायचं नाही.

तर मित्रांनो, मी एक जुनी अँटेना आहे. आता माझा काळा रंग उडालाय, स्प्रिंग थोडी सैल झालीय, पण ताठ आहे बरं का. ट्रकवाले रस्त्यात एकमेकांशी बोलायला जो सीबी रेडिओ वापरतात ना, त्याची मी. रेडिओ आत गादीजवळ ऐटीत बसतो, बोलतो माणूस, आणि ते बोलणं डोंगरापलीकडे फेकायचं काम ऊन-पावसात उभी राहून मी करते. नाव मात्र रेडिओचं होतं. असो.

माझे मालक मिस्त्री. त्यांच्याकडे एक पिवळी व्हॅन होती, आत पाने, जॅक, ग्रीसचे डबे. घाटात ट्रक बंद पडला की मिस्त्री जाऊन जागेवर दुरुस्त करायचे. घाटात फोन लागत नाही, म्हणून दोन सेट आणले. एक व्हॅनमध्ये, एक वहिनींच्या ओट्याशेजारी. निरोप वहिनी घ्यायच्या, मिस्त्रींना कुठे जायचं ते त्याच सांगायच्या. आणि ट्रकवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्ष म्हणाले होते, तुमचा आवाज तिन्ही वळणांवरून पोचला तर घाटाचं सगळं काम तुमचं. नाही पोचला तर दुसरा माणूस तयार आहे. मिस्त्रींनी वर्षभर वाट पाहिली होती या कामाची.

मग टपावर का नाही बसवली? कारण मिस्त्रींनी व्हॅनला नुकताच स्वतःच्या हातांनी रंग दिला होता. तीन हात! टपाला भोक पाडायचं नुसतं नाव काढलं, तरी ते टपावर हात आडवा धरायचे. त्यामुळे ते झाले टेलरच्या बाजूचे, आणि मी गेले बंपरवर.

खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. खाली गंमत फार. व्हॅन मागे घेताना मी एकाची टोपी उडवली, दोरीवरचा पायजमा पळवून पार नाक्यापर्यंत फडकवत नेला. टेलरांच्याच गिऱ्हाइकाचा होता, नवाकोरा.

पण आठवड्याभरात घरात भांडण जुंपलं. वहिनींचं म्हणणं, जाताना तुम्ही तोंड शिवून बसता, हाका मारून माझा घसा बसतो, आणि येताना मात्र तुमची वटवट थांबत नाही. मिस्त्री शपथेवर सांगत होते की जातानाही ते बोलतच होते. टेलर दुकानातून ओरडले की कपडे शिवतो मी, तोंडं नाही शिवत.

वहिनी गप्प बसणाऱ्या नव्हेत. त्यांनी मिस्त्रींना घरामागच्या मोकळ्या मैदानात व्हॅन सावकाश गोल फिरवायला लावली आणि बोलत राहा म्हणाल्या. स्वतः सेट कानाला लावून खिडकीत. व्हॅनचं तोंड घराकडे आलं की आवाज ठणठणीत. पाठ घराकडे झाली की नुसती खरखर. त्यांना कळलं! मित्रांनो, मी पत्र्याच्या आधारावर बोलते. ज्या बाजूला पत्रा जास्त, त्या बाजूला माझा आवाज लांब जातो. मागच्या कोपऱ्यात बसवलंत, तर सगळा पत्रा माझ्या पुढे, म्हणून सगळा आवाजही पुढे. जाताना पुढे काय? डोंगर. मी आठवडाभर डोंगराला घरचे निरोप सांगत होते.

वहिनींनी फरशीवर खडूने माझ्या आवाजाचं चित्र काढून दाखवलं. गोल नव्हे, एकीकडे ओढलेलं, अंड्यासारखं. टेलर म्हणाले, त्या दिवशी वारा होता. मिस्त्री म्हणाले, बघू. म्हणजे टपाचा रंग अजून सोडवत नव्हता.

परीक्षेचा दिवस उजाडला. अध्यक्ष सकाळीच येऊन स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. टेलर दारात उभे, गळ्यात टेप. मिस्त्रींनी पहिल्या वळणावरून हाक दिली. घरी खरखर. पुन्हा दिली. पुन्हा खरखर. अध्यक्षांनी चपला शोधायला सुरुवात केली.

तिकडे मिस्त्रींना मैदान आठवलं. त्यांनी भर रस्त्यात व्हॅन वळवली, तोंड घराकडे केलं आणि बोलले. ओट्याशेजारी असा आवाज उमटला की जणू मिस्त्री डब्यातच बसलेत. टेलरनी टाळी वाजवली.

"पोचला ना आवाज?" टेलर म्हणाले. "जिंकलो मी."

अध्यक्ष वहिनींकडे वळले. "बाई, माझा ट्रक वळणावर लोंबकळत असताना तुमचे मालक आधी गाडी वळवणार का?"

टेलरांची टाळी हवेतच राहिली. वहिनींनी सेट उचलला. व्हॅनचं तोंड अजून घराकडेच होतं, म्हणून ऐकू गेलं.

"अहो, परत या. आणि येताना त्या रंगाचा निरोप घेऊन या."

अध्यक्षांकडे त्यांनी दोन तास मागितले. चहा आणि खारी बिस्किटांवर ते मिळाले.

भोक वहिनींनी पाडलं. मिस्त्री ड्रिल हातात घेऊन नुसते उभे होते, मग त्यांनी ते बायकोकडे दिलं आणि तोंड फिरवलं. मधोमध, दोन्ही बाजूंनी मोजून. मोजायला टेप टेलरांचीच घेतली. आतून रंग खरवडून पत्रा उघडा केला, कारण रंगावर बसवलं तर मी मुकी. खाली रबर, म्हणजे पाणी गळायला नको. वायर दारात चेमटणार नाही अशी कडेने आणली. आणि मी टपावर चढले. आईशप्पथ, काय दिसतं वरून! चारी बाजूंना सारखा पत्रा, चारी बाजूंना सारखा आवाज. पहिलं वळण, दुसरं, अगदी वरचं खिंडीतलं तिसरंही. घर पाठीमागे, तरी वहिनींना मिस्त्रींचा खोकलासुद्धा ऐकू आला. अध्यक्षांनी चपला घातल्या त्या घरी जायला, काम देऊन.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी घाट सांभाळला. ब्रेक गेलेला ट्रक सांगितला, कोसळलेली दरड सांगितली. ट्रकवाले मला बघून हॉर्न द्यायचे. रेडिओ दोनदा बदलला, मी तीच. शेडमध्ये शिरताना वरची पट्टी मला रोज लागते, मी वाकते, 'टण्ण' वाजते, पुन्हा सरळ. त्या आवाजावर वहिनी चहा ठेवतात. हल्ली माझं बूड कुणी पुसत नाही, गंज धरलाय थोडा. एवढंच मागणं आहे मित्रांनो: आमची बुडं पुसा, वायरी जपा. आणि एखाद्याचा आवाज पोचत नसेल, तर त्याला मुका म्हणण्याआधी तुम्ही त्याला कुठे उभं केलंय ते बघा.

हां, पैजेचं राहिलंच की!

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी भर बाजाराच्या वेळी टेलर स्टुलावर चढले. डोक्याला पडद्याचा गज, तोही मापाच्या टेपने बांधलेला. माझी व्हॅन मुद्दाम समोर लावली होती, म्हणून सगळं पाहिलं. पायजमा गेलेलं गिऱ्हाईक तीनदा येऊन हॅलो म्हणून गेलं. टेलर तिन्ही वेळा "बोला, ऐकतोय" म्हणाले, दात आवळून. तास संपायला पाच मिनिटं होती. टेलरांची पाठ मिस्त्रींच्या घराकडे होती. खिडकीतून वहिनी म्हणाल्या, "हॅलो."

"बोला, ऐकतोय."

"भाऊजी, नुसती खरखर येतेय. तोंड जरा इकडे फिरवता का?"

सगळा रस्ता थांबला. टेलरनी एक पाय उचलला, मग दुसरा. गज सांभाळत, डुगडुगत्या स्टुलावर, इंच इंच करत ते पूर्ण वळले.

"बोला वहिनी," ते म्हणाले, "आता ऐकतोय."