निर्धूम

बाथरूमच्या दाराशी स्टूल सरकवून गोपाळकृष्ण बसले, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसला आणि बंद दाराला उद्देशून म्हणाले,

"सतरा नव्वे?"

आत पाण्याची धार वाजत होती.

"एकशे त्रेपन्न."

"तेवीस सक?"

"एकशे अडतीस. तुम्हाला येत नाहीत म्हणून विचारताय, की मी विसरले का ते बघताय?"

"एकोणतीस सत्ते?"

धार वाजत राहिली. उत्तर आले नाही. गोपाळकृष्णांनी दारावर तळहात टेकवला. आतली कडी त्यांच्या मुलाने, आमोदने, मागच्याच महिन्यात काढून टाकली होती; नुसते ढकलले असते तरी दार उघडले असते.

"कुसुम?"

"दोनशे..." आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा आला. "दोनशे तीन. येतेय बाहेर."

पाढे विचारण्याची ही पद्धत त्यांनीच बसवली होती. दिवाळी सरल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी कुसुमताई डोक्यावरून न्हाऊन बाहेर आल्या आणि चौकटीला धरता धरता खाली बसल्या. तेव्हापासून अंघोळीनंतर डोके धरणे, मळमळणे, पावले अडखळणे हे चालूच होते. न्हाण्याच्या दिवशी तर हटकून. एकदा केस पुसता पुसता त्यांना सुनेचे नाव आठवेना. तनया, तनया असे गोपाळकृष्णांनी तीनदा सांगितले तेव्हा त्यांनी मान हलवली, पण नजर त्यांच्याकडे नव्हती. ती भिंतीवरच्या, कुसुमताईंच्या आईच्या फोटोकडे होती. आईने अखेरच्या वर्षांत पोटच्या लेकीला "आपण कोणाकडच्या?" असे अदबीने विचारले होते. त्या प्रश्नाचा उच्चार या घरात कोणी करत नसे.

डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, मानेच्या मणक्यांविषयी शंका घेतली, न्हाताना मान खाली घालू नका म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात मेंदूचा फोटो काढायला सांगितले. आमोद मात्र फोटोसाठी थांबला नव्हता. हडपसरला त्याच्या ऑफिसजवळच्या संकुलात लिफ्ट होती, फाटकासमोर दवाखाना होता. कोथरूडचा हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकावा आणि दोघांनी तिकडे यावे, असे त्याने ठरवून टाकले.

"वादात तुम्हीच जिंकाल, बाबा," तो म्हणाला होता. "पण जिन्यात आई पडली तर?"

तीस वर्षे महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवलेल्या गोपाळकृष्णांनी विक्रीला होकार दिला. त्यांना हे घर सोडायचे नव्हते. पण कुसुमताईंना सोडायची वेळ येण्यापेक्षा घर सोडलेले बरे, एवढा हिशेब त्यांनाही कळत होता.

कुसुमताई बाहेर आल्या त्या थेट पलंगावर आडव्या झाल्या. चेहरा लालबुंद होता. ओल्या केसांखाली गोपाळकृष्णांनी टॉवेल सरकवला.

"आज आमटीचा धडा होता," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या.

"उद्या घेऊ."

"उद्या उद्या करता करता राहून जाईल."

मार्गशीर्ष लागल्यापासून हे नवेच खूळ निघाले होते. दुपारचा चहा झाला की कुसुमताई त्यांना ओट्यापाशी उभे करत आणि एकेक पदार्थ शिकवत. भात झाला, वरण झाले, बटाट्याची भाजी झाली. दूध नासले तर काय करायचे, डाळीला किडा लागू नये म्हणून काय घालायचे, हेही झाले. मोहरी किती घालायची यावरून त्यांनी वाद घातला, तेव्हा कुसुमताई म्हणाल्या होत्या, "जन्मभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेत ना? आता बसा परीक्षेला." निवृत्त नवऱ्यावर उगवलेला हा सूड आहे, असे समजून गोपाळकृष्ण तो आनंदाने सोसत होते.

दारावरची बेल वाजली. घर पाहायला येणारे जोडपे वेळेच्या आधीच आले होते. वेळेच्या आधी येणे हाही वक्तशीरपणाचा भंगच, असे गोपाळकृष्णांचे जुने मत होते. आज ते त्यांनी गिळले.

शुभंकर आणि पूर्णिमा, दोघेही नांदेडकडचे. तो हिंजवडीला, ती खराडीला. पुण्याच्या दोन टोकांना नोकऱ्या आणि मध्ये कुठेतरी घर हवे. शुभंकरने हॉलमध्ये पाऊल टाकताच खिशातला मोबाइल काढून छताचा फोटो घेतला.

"बिल्डिंग जुनी आहे ना, काका?"

"जुनी आहे. म्हणूनच भिंती भिंतींसारख्या आहेत," गोपाळकृष्ण म्हणाले.

मग त्यांनी घर दाखवायला सुरुवात केली, आणि दाखवता दाखवता त्यांच्या आवाजात जुना तास परतला. सगळी वायरिंग नवी केली होती. गळतीचा झटका बसण्याआधीच वीज तोडणारे यंत्र मीटरपाशी लावले होते. वर गच्ची असल्याने उन्हाळ्यात स्लॅब तापत असे, म्हणून सोसायटीशी दोन वर्षे भांडून तिच्यावर पांढरा लेप दिला होता. जुने पिवळे दिवे काढून कमी विजेचे लावले होते. खिडक्यांच्या फटींत वारा अडवायला जाड लोकरी नमद्याच्या पट्ट्या होत्या.

"घराची किंमत क्षेत्रफळावर ठरते, हा बाजाराचा भ्रम आहे," ते म्हणाले. "घर काय वाया घालवत नाही, यावर ती ठरली पाहिजे."

"आमच्या घरमालकानं तर आमचं डिपॉझिटच वाया जाऊ दिलं नाही," पूर्णिमा म्हणाली. "परतच देत नाही."

पलंगावरून कुसुमताईंचे हसू ऐकू आले. पूर्णिमा दाराशी थबकली.

"काकूंना बरं नाही का?"

"न्हायल्यावर चक्कर येते हिला. त्यासाठीच विकतोय," गोपाळकृष्ण म्हणाले. गिऱ्हाइकाला असे सांगू नये, हे आमोदने बजावले होते. पण विचारलेल्या प्रश्नाला खोटे उत्तर देण्याचा त्यांना सराव नव्हता.

बाथरूम त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवले होते. भारनियमन सुरू झाल्यापासून सकाळी वीज कधी असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून विजेच्या गीझरऐवजी गॅसचा बसवला होता. तो पेटायला सेल पुरत. राहता राहिला वरचा काचपट्ट्यांचा झरोका. त्यातून थंड वारा थेट पाठीवर येई. नरकचतुर्दशीच्या पहाटेच्या अभ्यंगस्नानाला कुडकुडायला नको, म्हणून गोपाळकृष्णांनी स्वतः मापे घेऊन त्यावर अॅक्रिलिकचा तक्ता बसवला, कडा डिंकासारख्या पांढऱ्या लेपाने बुजवल्या आणि दाराखालच्या फटीला रबराची पट्टी लावली.

"कडाक्याच्या थंडीतही उष्णतेचा कण बाहेर जात नाही," ते म्हणाले.

पूर्णिमाने तक्त्याकडे पाहिले. मग गीझरकडे. त्याच्या वरच्या कडेला काजळी धरली होती. तिने ती बोटाने पुसली आणि बोट पाहत राहिली.

"काका, हा झरोका दिवाळीत बंद केलात?"

"दिवाळीच्या दोन दिवस आधी."

"आणि काकूंना चक्कर कधीपासून येतीय?"

"दिवाळीनंत—" गोपाळकृष्ण थांबले. मग सवयीने म्हणाले, "आधी घडले म्हणून ते कारण ठरत नाही. शिवाय मीही इथेच अंघोळ करतो. मला काही होत नाही."

"तुम्ही नळ चालू ठेवून अंघोळ करता?"

"बादली भरून घेतो आणि नळ बंद करतो. पाणी वाया का घालवायचं?"

"आणि काकू?"

पलंगावरून उत्तर आले, "एवढे केस बादलीतल्या पाण्यात निघतात का? शिकेकाई निघेपर्यंत धार लागतेच."

शुभंकरने घसा खाकरला. "पूर्णिमा, आपण घर बघायला आलोय."

"बघायलीच की," ती म्हणाली. "काका, नळ चालू तोवरच गीझरची ज्योत जळते; तुमची लगेच विझते, काकूंची जळत राहते. आमच्या पीजीत असंच झालं होतं. खिडकी बंद, गॅसचा गीझर चालू. आमची रूममेट आतच पडली, दार तोडावं लागलं. डॉक्टर म्हणाले अजून थोडा उशीर झाला असता तर कठीण होतं. बंद खोलीत हवा पुरत नाही, ज्योत अर्धवट जळते, आणि त्यातनं विषारी वायू निघतो."

"धूर कुठे आहे?" गोपाळकृष्ण म्हणाले. "वास कुठे आहे? मला एकदाही आला नाही."

"त्याला धूर नसतो, काका. वासपण नसतो."

गोपाळकृष्णांनी तिच्या काळ्या झालेल्या बोटाकडे पाहिले. दरवर्षी जून महिन्यात, नव्या वर्गाला, अनुमानाचा पहिला धडा ते डोंगरावरच्या धुराने सुरू करत. जिथे धूर आहे तिथे अग्नी आहे. मग फळ्याकडे पाठ फिरवून विचारत: आणि जिथे धूर नाही, तिथे अग्नी नाही, असे म्हणता येईल का? निम्मा वर्ग हो म्हणे. तेव्हा ते तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचा दाखला देत. अग्नी आहे, धूर नाही. धुरावरून अग्नी कळतो. धूर नाही एवढ्यावरून काहीच कळत नाही. उत्तरपत्रिकेत ही चूक करणाऱ्याला त्यांनी कधी अर्धा गुणही दिला नव्हता.

"आज घर दाखवणं इथेच थांबवतो," ते म्हणाले. "आपली क्षमा असावी."

पूर्णिमा निघताना पलंगापाशी वाकून म्हणाली, "काकू, दवाखान्यात जाच. पण त्याआधी काकांना तो तक्ता काढायला लावा."

"ते सांगायला नको," कुसुमताई म्हणाल्या. "तो बघ हत्यारांच्या पेटीचा आवाज."

तक्ता सहजी निघाला नाही. त्यांनी तो फारच नीट बसवला होता. पेचकसाने कडा खरवडताना दोनदा त्यांच्या बोटाला लागले. अखेर एक कोपरा सुटला, मग दुसरा, आणि झरोक्यातून थंड हवेबरोबर खालच्या भाजीवालीची हाळी आत आली. गोपाळकृष्ण स्टुलावर उभे राहून बराच वेळ ती हाळी ऐकत होते. मग त्यांनी गीझरच्या सिलिंडरची चावी बंद केली, दाराखालची पट्टी उपटली आणि कुसुमताईंना घेऊन डॉक्टरांकडे गेले.

रक्ताच्या तपासणीत तो वायू सापडला. डॉक्टरांनी नाकावर प्राणवायूची नळी लावून त्यांना संध्याकाळपर्यंत तिथेच बसवून ठेवले. नंतर काढलेला मेंदूचा फोटोही निर्दोष आला. "वयाच्या मानाने उत्तम," असे डॉक्टर म्हणाले, तेव्हा "वयाच्या मानाने हे शब्द गाळले तरी चालतील," असे कुसुमताईंनी सुनावले. गोपाळकृष्ण शेजारच्या खुर्चीवर बसून हातातल्या छत्रीची मूठ पुनःपुन्हा पुसत होते. ऐन पौषात त्यांनी छत्री का आणली होती, हे त्यांनाही सांगता आले नसते.

आमोदचा फोन आला तेव्हा त्यांनी सगळे क्रमवार सांगितले, तक्त्याच्या मापांसकट.

"म्हणजे आई ठीक आहे."

"ती ठीकच होती. बाथरूम आजारी होतं, आणि ते मी पाडलं होतं."

"मग घर?"

"गीझर ड्राय बाल्कनीत हलवतोय. पुढे गच्चीवर उन्हावर तापणारा बंब बसवायचा विचार आहे. सोसायटीशी भांडायला निमित्त मिळालं."

"बाबा," आमोद म्हणाला, आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा हसला, "त्या लोकांवर दया करा."

पूर्णिमाला फोन करणे त्याहून अवघड गेले. घर आता विकायचे नाही, असे सांगून गोपाळकृष्ण म्हणाले, "तुमचं नुकसान तुम्हीच करून घेतलंत."

"ते त्याच दिवशी कळलं होतं, काका," ती म्हणाली. "काजळी बोटाला लागली तेव्हाच म्हटलं, गेलं हे घर हातचं. शुभंकर अजून बोलत नाहीये माझ्याशी."

गोपाळकृष्णांनी त्यांच्याच इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या मालकाचे नाव तिला दिले. त्या घराची वायरिंग तपासून घ्यावी, असेही सांगितले.

पुढच्या शुक्रवारी कुसुमताई न्हायल्या. बाल्कनीतल्या गीझरचे पाणी भिंतीतून आत येत होते, झरोका सताड उघडा होता. गोपाळकृष्ण स्टूल घेऊन बसलेच.

"एकोणतीस सत्ते?"

"दोनशे तीन. एकोणतीस अठ्ठे दोनशे बत्तीस, एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट. आणि मेलं गार वारं येतंय."

"येऊ दे."

केसांना पंचा गुंडाळून त्या बाहेर आल्या आणि पलंगाकडे न वळता स्वयंपाकघरात गेल्या. भूक लागली, म्हणाल्या. डबा उघडून उभ्या उभ्या दोन शंकरपाळे खाल्ले.

दुपारचा चहा झाल्यावर गोपाळकृष्ण खांद्यावर फडके टाकून ओट्यापाशी आले. चिंच त्यांनी आधीच भिजत घातली होती. मोहरी, हिंग, गूळ, गोडा मसाला ओळीने मांडला आणि सांडशी हातात घेतली.

"आमटी," ते म्हणाले.

कुसुमताईंनी त्यांच्या हातातून सांडशी काढून घेतली.

"शाळा बंद."

"का? अभ्यासक्रम पुरा झालेला नाही."

"घाई होती तेव्हा घेतला शिकवायला. आता कसली घाई?"

त्यांनी पातेले गॅसवर चढवले. ज्योत निळी होती. गोपाळकृष्ण ओळीने मांडलेल्या डब्यांकडे पाहत राहिले. आधी भात. मग वरण. मग नासलेले दूध. मग डाळीचा किडा. एकट्या माणसाला ज्या क्रमाने अडेल, नेमका तोच क्रम. त्यांनी खांद्यावरचे फडके काढले, घडी घातली, घडी उलगडली, पुन्हा घातली.

"मग मी काय करू?" ते म्हणाले.

"बसा तिकडे. पाढे म्हणा."

ते स्टूल घेऊन आले आणि दाराशी बसले. तेलात मोहरी तडतडली. कुसुमताईंनी हिंगाची डबी उचलली, झाकण उघडले आणि मागे न वळता म्हणाल्या,

"आमटी पुढच्या वर्षी शिकवीन."

गोपाळकृष्णांनी वाद घातला नाही.