दहावं माप

दहाव्या ओळीत त्यांनी १.४९ लिहिलं, पेनाला टोपण लावलं आणि सवयीने मीटरकडे पुन्हा एकदा पाहिलं. मीटरवर १.९४ होतं.

प्रयोगशाळेत त्यांना तोंडावर सर म्हणत आणि पाठीमागे काटेकोर. एकतीस वर्षं ते इथे चिपांची मापं घेत होते. वहीचा नियमही त्यांनीच घालून दिलेला: आकडा चुकला तर खोडायचा नाही, त्याच्यावर एक सरळ रेघ मारायची, शेजारी कारण लिहायचं आणि खाली सही व तारीख. इतरांच्या वह्यांत अशा रेघा पानोपानी होत्या. त्यांच्या वहीत एकही नव्हती, आणि याचा त्यांना जरा जास्तच ताठा होता.

आजची चिप छातीला चिकटवायच्या यंत्रासाठी होती. हृदयाच्या ठोक्याची विजेची बारीकशी हालचाल टप्प्याटप्प्याने वाढवायची आणि तिचे आकडे करायचे, हे तिचं काम. दर टप्प्यावरचा ॲम्प्लिफायर ती दुप्पट करतो. पण अगदी बरोबर दुप्पट करायची तर तो इतकी बॅटरी खातो की यंत्र दुपारीच मान टाकतं. म्हणून डिझाइनवालीने दोन वर्षं खपून वेगळाच मार्ग काढला होता. ॲम्प्लिफायर थोडा कमी पडला तर पडू दे. किती कमी पडतो ते चिपनेच मोजून ठेवावं आणि शेवटी आकड्यांत भरून काढावं. काटेकोरांनी वर्षभर नाक मुरडलं. दुप्पट म्हणजे दुप्पट, त्यात कसलं थोडं कमी, असं ते भर मीटिंगमध्ये म्हणाले होते. तेव्हा ती शांतपणे म्हणाली होती, "चुकू दे ना, सर. दर वेळी तेवढंच चुकलं म्हणजे झालं."

म्हणून आज दहा मापं घ्यायची होती. दहाही सारखी आली तर चिप पुढे जाणार, एक जरी वेगळं आलं तरी जुना ॲम्प्लिफायर परत येणार. ही अटही त्यांचीच. नऊ ओळींत १.९४ होतं, दोनाला थोडं कमी.

डिझाइनवाली साहेबांचा फोन घ्यायला बाहेर गेली होती. खोलीत पंख्याची घरघर तेवढी होती. काटेकोर खुर्चीत बसून राहिले. त्यांना भीती वाटत होती, आणि ती चिपची नव्हती.

तीन महिन्यांपूर्वी त्यांनी बायकोला फोन लावला तर परक्याच माणसाने उचलला. एवढ्या वर्षांचा पाठ असलेला नंबर, शेवटचे दोन आकडे उलटे. हसून सोडून दिलं. मग एकदा ऑफिसच्या कपाटाचं आकड्यांचं कुलूप उघडेना. बायको म्हणाली, डॉक्टरकडे जाऊ या, नुसतं बोलून तर येऊ. त्यावर ते तिच्यावर डाफरले होते. त्यांचे वडीलही आधी असेच आकडे विसरू लागले होते, आणि दोन वर्षांनी एका सकाळी त्यांनीच दार उघडून मुलाला विचारलं होतं, "आपण कोणाकडे आलात?" ते आदरार्थी 'आपण' काटेकोरांच्या कानांतून अजून गेलं नव्हतं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. मीटर बंद केला की झालं. १.४९ तसंच राहील, चिप नापास होईल, आणि काटेकोरांवर शंका घेण्याची कुणाची छाती नव्हती. त्यांनी मीटरचं बटण दाबलं. आकडा विझला.

डिझाइनवाली आत आली आणि वाकून वही वाचू लागली. तिचं बोट नऊ ओळी भरभर उतरलं आणि दहावीवर थांबलं. तिचा चेहरा उतरला. ती वाद घालील असं त्यांना वाटलं होतं. उत्तरही तयार होतं. पण ती सावकाश चिपची वायर सोडवू लागली.

"परत मोजा म्हणणार नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही घेतलेलं माप, सर. ते कशाला चुकेल? माझंच कुठेतरी चुकलंय. शोधते."

ही बाई आता महिनोन्महिने एक अशी चूक शोधत बसणार होती, जी तिच्या चिपमध्ये नव्हतीच.

"वायर राहू दे," ते म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला. "मीटरवर चौऱ्याण्णव होतं. मी एकोणपन्नास लिहिलं. आणि मग मीटर बंद केला."

तिचा हात वायरवरच थांबला.

"तीन महिने असं होतंय. तुझ्या ॲम्प्लिफायरचं बरंय. तो रोज तेवढाच चुकतो. माझं तसं नाही गं. मला कळतच नाही, कधी आणि किती." थोडं थांबून ते म्हणाले, "मला भीती वाटते."

तिने वायर पुन्हा जोडली, मीटर चालू केला. १.९४. मग दुसरी खुर्ची ओढून ती त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "तुम्ही लिहा, सर. मी बघते."

त्यांनी पट्टी ठेवून १.४९ वर रेघ मारली. रेघ नेहमीसारखीच सरळ आली. शेजारी कारण लिहिलं: माप घेणाऱ्याची चूक. खाली सही केली. तारखेपाशी पेन थांबलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, डाव्या हाताचं बोट कागदावर टेकवलं आणि एकेक आकडा पुटपुटत उतरवू लागले. प्रत्येक आकड्यानंतर ते तिच्याकडे बघत, आणि ती मान डोलवी.