दोन भिंगांचा कॅमेरा आणि उसातला बिबट्या

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मी फार भित्रा आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्हाला नवल वाटायला नको. आम्हा फिल्मच्या कॅमेऱ्यांना भ्यायला कारणही आहे. उजेडाशिवाय आमचे काम चालत नाही, आणि नको त्या फटीतून तोच उजेड आत शिरला तर केलेले सगळे काम जळून जाते.

माझा आकार उभ्या डब्यासारखा आहे. तोंडावर एकाखाली एक अशी दोन भिंगे. वरच्या भिंगातून पाहायचे, खालच्या भिंगातून फोटो निघतो. मला कुणी डोळ्याला लावत नाही. मला पोटाशी धरतात, माझ्या डोक्यावरचे झाकण उघडतात आणि आत वाकून पाहतात. तिथे एक दुधी काच आहे. समोरचे जग त्या काचेवर उमटते, पण बाजू बदलून. डावीकडचे उजवीकडे दिसते आणि उजवीकडचे डावीकडे. माझी फिल्म रुंद असते. तिच्या पाठीला काळा कागद असतो आणि एका रोलमध्ये फक्त बारा चौकोनी फोटो निघतात. या प्रकाराला मीडियम फॉरमॅट म्हणतात. फोटो कमी, पण त्यात बारीकसारीक सगळे उतरते.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. हात बदलत बदलत मी चौसाळ्याला, हायवेच्या कडेला असलेल्या उत्तरेश्वरांच्या फोटो स्टुडिओत आलो. ते माझे वैभवाचे दिवस होते. नवी जोडपी माझ्यापुढे श्वास रोखून बसायची. पैलवान छाती फुगवायचे. तान्ही बाळे मला पाहून रडायची आणि मीच घाबरायचो. "या कॅमेऱ्यासारखी चीज अख्ख्या तालुक्यात न्हाई," असे उत्तरेश्वर गिऱ्हाइकांना सांगायचे.

मग मोबाईल आले. स्टुडिओच्या जागी मोबाईल दुरुस्तीचे आणि झेरॉक्सचे दुकान झाले. मला एका पत्र्याच्या पेटीत घालून पोटमाळ्यावर ठेवले. अंधाराची मला सवय आहे, पण तो अंधार वेगळा होता. पावसाळ्यात पेटी दमट व्हायची आणि माझ्या भिंगावर बुरशीचा एक पांढरा धागा रांगत यायचा. उंदीर माझा चामडी पट्टा कुरतडायचे. एकदा खाली भंगारवाल्याचा आवाज आला. पेटी हलली, कुणीतरी ती उचलून पाहिली आणि परत ठेवली. त्या दिवसापासून खाली तराजूची साखळी वाजली तरी मला धडकी भरायची.

मला तिथून धनश्रीने बाहेर काढले. धनश्री चौसाळ्याचीच. तलवाड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ती पशुधन पर्यवेक्षक आहे. शेळ्यामेंढ्यांना लस टोचायला ती गावोगाव फिरते. मोबाईलवर हजार फोटो काढून ती कंटाळली होती, आणि तिला फिल्मवर फोटो काढायचा छंद लागला होता. हे कळल्यावर उत्तरेश्वरांनी मला खाली उतरवले, फुंकर मारली आणि म्हणाले, "घेऊन जा, बाळ. चालला तर चालला. न्हाई तर टीव्हीशेजारी शोपीस म्हणून ठेव."

शोपीस! मला वाटले, भंगार परवडले.

पण तिने मला शोकेसमध्ये बसवले नाही. बीडला जाऊन भिंगे साफ करून आणली. उत्तरेश्वरकाकांपुढे बसून ती रोल भरायला शिकली. कागदावरचा बाण कुठल्या खुणेशी जुळवायचा, उजेड किती आहे तो मोबाईलच्या ॲपवर कसा मोजायचा, हे सगळे ती शिकली. पहिल्या रोलला मात्र ती फिल्म पुढे सरकवायचे हँडल फिरवायला विसरली आणि दोन फोटो एकावर एक निघाले. उत्तरेश्वरांच्या चेहऱ्यावरच एक म्हैस उमटली. काका पोट धरून हसले. धनश्री रडवेली झाली. मी मात्र घाबरलो. वाटले, आता ही कंटाळणार आणि मला परत पेटीत घालणार.

तिला सगळ्यांत जड गेली ती दुधी काच. काचेत माणूस डावीकडे सरकला की ती मलाही त्याच बाजूला वळवायची आणि माणूस काचेतून पार निघून जायचा. "काका, माझं डोकं फिरतंय," ती म्हणायची. "हाताला कळू दे, डोक्याचं काम न्हाई ते," काका म्हणायचे.

दिवाळी झाल्यावर धनश्री लसीकरणासाठी चकलांब्याच्या शिवारात गेली. मी तिच्या गळ्यात होतो. धुळाजी आणि चतुराबाई हे मेंढपाळ जोडपे तिथे वाडा टाकून राहिले होते. मेंढरांभोवती जाळीचे कुंपण, शेजारी राहायचे कापडी पाल, आणि पलीकडे सुंदररावांचा उसाचा फड. सुंदरराव त्या गावचे बडे बागायतदार. राजकारणातही त्यांचा शब्द चालायचा.

लसी टोचून होईपर्यंत धुळाजी मेंढ्या धरत होता. मग हळूच म्हणाला, "मॅडम, या उसात बिबट्या हाय. माज्या दोन मेंढ्या गेल्या. परवा कुत्रं गेलं. कुनी खरं मानंना."

सुंदरराव मोटारसायकलवर तिथेच उभे होते. ते हसले. "तरस असंल बे, धुळाजी. उगं बोंब मारू नको. आठ दिवसांत तोडीला टोळी येनार हाय. तुजं ऐकून ती पळून गेली तर ऊस तू तोडशील का?"

ऊसतोडीची टोळी म्हणजे बिऱ्हाडे. बायामाणसे फडात आणि लेकरे बांधावरच्या कोप्यांत, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत. ते ऐकून धनश्रीचा हात माझ्यावर घट्ट झाला. तिने वनखात्याच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, मी दोनदा येऊन गेलो. मेंढरांच्या खुरांनी ठसे राहिलेच नाहीत. काहीतरी खूण दाखवा, मी पिंजऱ्यासाठी वर लिहितो."

सुंदरराव निघून गेले. ऊन तिरपे झाले होते. "आलासा तर आमचा जोडीनं फोटू काढा," चतुराबाई म्हणाली. तिने खांद्यावर घोंगडे नीट घेतले. धुळाजीने फेटा सारखा केला. धनश्री समोर उभी राहिली आणि तिने वाकून माझ्या काचेत पाहिले.

मित्रांनो, त्या काचेत मला आधी दिसले. काचेच्या डाव्या कडेला उसाचे पाचट हलले. वारा तर अजिबात नव्हता. मग पाचटाच्या रंगाचे काहीतरी खाली बसले. त्यावर काळे ठिपके होते.

धनश्रीलाही ते दिसले. तिचा श्वास थांबलेला मला पोटाशी कळला. तिने मान झटकन वर करून डावीकडे पाहिले. तिकडे रिकामे रान होते. एक बाभूळ आणि मेंढरांची धूळ. तिला वाटले, भास झाला. तरी भीतीने तिची नजर डावीकडून हटेना, आणि एकेक पाऊल ती उजवीकडे सरकू लागली. म्हणजे थेट त्याच्या दिशेने!

काचेने तिला खरेच दाखवले होते, फक्त बाजू बदलून. मला तोंड असते तर मी जिवाच्या आकांताने ओरडलो असतो. माझ्यात सारी चक्रे आणि स्प्रिंगा आहेत, पण एक शब्द नाही. पाचट करकरले. मेंढरे एकदम गप्प झाली. त्या शांततेइतके भयानक मी काही ऐकलेले नाही.

"मॅडम! तिकडं न्हाई, हिकडं!" चतुराबाई किंचाळली. "पळू नका! पाठ दावू नका!"

धनश्री गर्रकन उजवीकडे वळली आणि माझी भिंगे त्याच्यासमोर आली. बिबट्या पोट टेकून बसला होता. कान मागे, शेपटीचे टोक हलते. तिच्या बोटाखाली फोटो काढायचा खटका होता. भीतीने तिची मूठ आवळली आणि माझा खटका वाजला. एवढासा तो आवाज, पण बिबट्याने माझ्याकडे पाहिले. मी कशाला वाजलो, असे मला झाले.

तेवढ्यात धुळाजीची काठी त्याच्या पुढ्यात आदळली. धुळाजी हात उंचावून "हाऽऽट, हाऽऽट" करत धावला. चतुराबाईने पालातली परात उचलून दगडाने बडवली. बिबट्या उठला, क्षणभर घुटमळला आणि उसात नाहीसा झाला.

धनश्री मागे सरकताना ढेकळाला अडखळली. ती मागे कोसळली आणि मी दगडावर आपटलो. माझ्या झाकणाला पोचा पडला. पण खरा घात निराळाच होता. माझ्या पाठीवरच्या दाराचा आकडा सुटला आणि दार किलकिले झाले.

"उजेड! उजेड जाईल आत!" धनश्री ओरडली. चतुराबाईला त्यातले काही कळले नसेल. पण लेकराला झाकावे तसे तिने खांद्यावरचे घोंगडे माझ्यावर टाकले आणि ती त्यावर ओणवी झाली. त्या अंधारात मेंढरांचा वास होता. धनश्रीने आत हात घालून दार दाबले. तिचे हात इतके कापत होते की आकडा बसता बसेना, पण अखेर बसला.

दुसऱ्या दिवशी तिने बाह्या असलेल्या काळ्या पिशवीत हात घालून, न बघता, ती फिल्म डब्यात भरली. मग फिल्म धुवायच्या औषधाचे पाणी ओतले आणि डबा हलवत बसली. मी शेजारच्या स्टुलावर होतो. फिल्म कोरी निघाली तर? डब्याचे झाकण उघडताना तिने डोळे मिटून घेतले होते.

फिल्म कोरी नव्हती. पाठीच्या काळ्या कागदाने तग धरला होता. उजेड फक्त एका कडेने शिरला होता आणि त्याचा पट्टा फोटोवर पडला होता. पट्ट्याच्या अलीकडे ऊस होता आणि उसाच्या बुडाशी एक गोल डोके. उत्तरेश्वरांनी तो फोटो स्कॅन करून कॉम्प्युटरवर मोठा केला, आणखी मोठा केला. मिशीचा केस न् केस दिसू लागला. काका खुर्चीत मागे सरकले. "आगं माय," एवढेच ते म्हणाले.

फोटो बघून वनखात्याचा माणूस त्याच संध्याकाळी पिंजऱ्याच्या मागे लागला. सुंदररावांनी फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि टोळीला फोन लावला. "सध्या येऊ नका. उसात जनावर हाय." पुढच्या आठवड्यात एका सकाळी बिबट्या पिंजऱ्यात सापडला. त्याला दूर जंगलात नेले. टोळी त्यानंतर आली.

तरी भीती काही कुणी पिंजऱ्यात घालून नेली नाही. धनश्रीने मला कपाटात ठेवले. ती दार उघडायची, मला बघायची आणि दार लावून टाकायची. मला पत्र्याच्या पेटीचे दिवस आठवायचे.

एक दिवस चतुराबाई लंगडे कोकरू घेऊन दवाखान्यात आली आणि म्हणाली, "आमचा फोटू ऱ्हायलाच की."

"मावशी, माझे हात अजून कापतात."

"माजंबी कापत्यात. म्हून मी धार काढायची सोडली का? कावून भिता एवढं? आमी हाव की संगं."

धनश्री हसली. पुढच्या रविवारी ती मला घेऊन गेली. मोकळ्या माळावर दोघे उभे राहिले. काचेत मला त्यांचे चेहरे थरथरताना दिसत होते, कारण धरणारे हात थरथरत होते. धनश्रीने मला घट्ट पोटाशी दाबले, श्वास सोडला आणि मग खटका ओढला. फोटो जरासा हललेला आला. तो आता त्यांच्या पालात, पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी माझ्यासारखा कुणी पडून असेल. त्याला खाली काढा. मऊ कापडाने पुसा, कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून त्याचा खटका वाजवा. तो बिघडेल, पडेल, आपल्याला जमणार नाही, अशी भीती वाटेल. वाटू द्या. मीसुद्धा रोज भितोच. फक्त त्या भीतीपायी आम्हाला अंधारात ठेवू नका.