दगडाबाईच्या बोळक्यातले किडे

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात राहात्याच्या आठवडे बाजारात भाजीपाल्यापेक्षा दातातल्या किड्यांना जास्त गिऱ्हाईक होतं. चिंचेच्या झाडाखाली ही झुंबड. पुढचे उकिडवे, मागचे टाचा उंच करून, आणि दोघेतिघे उभ्या टेम्पोच्या टपावर. मधोमध पाण्याने भरलेली परात, परातीत दगडावर निखाऱ्यांची वाटी, बाजूला काळी घोंगडी, आणि या सगळ्याचा धनी कीडबाबा.

"ना सुई, ना चिमटा, ना रक्ताचा टिपूस," बाबाचा पट्टा चालू होता. "बत्तीस दातांचे बत्तीस किडे, माझ्या परातीत सगळे उघडे. मायबहिणींनो, लाजू नका. पदर तोंडावरच असू द्या. हा बाबा परस्त्रीच्या तोंडाकडे बघतसुद्धा नाही. धूर आपलं काम जाणतो."

बाया या बोलण्यावर लई खूश होत्या. सरकारी दवाखान्यात बाप्या डॉक्टरसमोर आ करून बसायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं, आणि हा बाबा बघा, केवढा सज्जन.

त्या दिवशी परातीपुढे सहादेव बसला होता. सहादेव म्हणजे कोपरगावच्या ब्रास बँडमधला क्लॅरिनेटवाला. वरचा पुढचा दात किडला होता आणि ठणका असा, की चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. त्यात ऐन लग्नसराई. क्लॅरिनेटचं तोंड टेकतं ते नेमकं वरच्या पुढच्या दातांवर. दात गेला की सूर गेला, आणि सूर गेला की बँडमधली जागा गेली. मालकाने तसं बजावूनच ठेवलं होतं.

बाबाने निखाऱ्यावर तुपात माखलेली हिमालयातली जडीबुटी टाकली आणि सहादेवला परातीवर वाकवून वर घोंगडी टाकली. आत धूर असा कोंडला की डोळ्यांतून, नाकातून, तोंडातून, जिथून गळायचं तिथून सगळं गळलं. घोंगडी काढली तर परातीतल्या पाण्यावर पांढरे, बारीक, वळलेले किडे तरंगत होते. गर्दीने हात जोडून नमस्कार केला.

आणि आठवड्याभरात ठणका खरोखर थांबला. मग काय विचारता, सहादेव बाबाचा भक्तच झाला. पुढच्या बाजाराला क्लॅरिनेट घेऊन गेला आणि चिंचेखाली आरतीची चाल वाजवून बाबासाठी गर्दी जमवू लागला.

हे घरी कळलं तेव्हा त्याची आई, दगडाबाई, भाकरी थापता थापता थांबली. म्हातारीच्या तोंडात औषधाला दात नव्हता, पण जीभ धारदार होती.

"छप्पन साली धम्म घेतला तवा घरातले देव गंगंत सोडले, ह्या माझ्या हातानं," ती म्हणाली. "अन् माझा लेक आता किड्यांपुढं आरती वाजवतो व्हय?"

"आई, डोळ्यानं बगितलं मी. अन् ठनका थांबला का न्हाई?"

याचं उत्तर महिन्याभराने सहादेवच्या ओठानेच दिलं. सकाळी उठला तर वरचा ओठ वडापावसारखा फुगलेला, नाकापर्यंत सूज, अंगात ताप. तसाच बाबाकडे गेला.

बाबाने डोळे मिटून अंतर्ज्ञान लावलं. "प्रजा निघाली, राणी राहिली. राणी किडा मुळाशी बसलाय. पुढच्या बाजाराला दातच उपटून काढतो."

सहादेव घरी येऊन भिंतीला टेकून बसला आणि क्लॅरिनेटच्या पेटीकडे बघत राहिला. त्याची बायको जयमाला उठली. तिने पिशवी उचलली आणि नवऱ्याला कोपरगावच्या एसटीत बसवलं. तिथे वृषालीबाई नावाच्या दातांच्या डॉक्टरणीने नुकताच दवाखाना उघडला होता. राणी किडा कसा असतो ते बघायला दगडाबाईही निघाली.

"मॅडम, वरच्या दाताला हात लावू नका," खुर्चीत बसायच्या आधीच सहादेव म्हणाला. "डोळा जातो म्हन्त्यात."

"डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. डोळा कुठे जात नाही. आ करा."

बाईंनी बघितलं, एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला. मुळाच्या टोकाशी काळा डाग होता.

"दात भरीव नसतो," त्या म्हणाल्या. "आत पोकळी असते, तिच्यात नस असते. दात सडत सडत नसेपर्यंत पोचला, म्हणून ठणका लागला. मग नस मेली, म्हणून ठणका थांबला. सड आतच राहिली, ती मुळातून वर चढली आणि पू झाला."

"पन ठनका थांबला तो किडे निघाल्यावरच की."

बाईंनी एक्स-रे खाली ठेवला. "घरात चोर शिरले की कुत्रं भुंकतं. चोरांनी कुत्र्यालाच मारलं, भुंकणं थांबलं. मग चोर गेले असं म्हणायचं का?"

सहादेव हळूच म्हणाला, "दात काडावा लागंल?"

"कशाला? मूळ शाबूत आहे. आतली सड साफ करून पोकळी भरून घ्यायची. रूट कॅनॉल म्हणतात. दात जागेवर राहील."

"अन् किडे? ते मी डोळ्यानं बगितले."

डॉक्टरीण काही बोलायच्या आत कोपऱ्यातून दगडाबाई बोळकं पसरून हसली. "बाई, ह्याचं मी बगते. तुमी फकस्त बाजारच्या दिवशी राहात्याला या."

राणी किड्याचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत सहादेव दाताला हात लावू देईना, म्हणून बाईंनी तूर्त गोळ्या दिल्या. बाजारच्या दिवशी चिंचेखाली तीच झुंबड होती. बाबाने सहादेवसाठी पकड काढून ठेवली होती. पण सहादेवच्या आधी एक म्हातारी पुढे सरकली. डोक्यावर पदर, तोंडावर पदर, गालाला हात लावून नुसतं कण्हणं.

"कुठली दाढ, माय?"

म्हातारीने गालावर बोट ठेवलं. बाबाने दिल्या शब्दाप्रमाणे तोंडाकडे पाहिलं नाही. जडीबुटी टाकली, घोंगडी घातली, मंत्र पुटपुटला, घोंगडी काढली. परातीत किडेच किडे.

"बघा, बघा," बाबा ओरडला. "दाढेतून निघाले."

दगडाबाई उठून उभी राहिली आणि चारी बाजूंना वळून तिने पदर बाजूला केला. आयुष्यात पहिल्यांदा ती भर बाजारात एवढं तोंड उघडून उभी होती. आत नुसत्या गुलाबी हिरड्या.

"कंची दाढ, बाबा?" तिने विचारलं. "मला बी दाव. धा वर्सं झाली, मी हुडकतीय."

आधी टेम्पोच्या टपावरचा एक जण फिस्सकन हसला, मग सगळा बाजार हसला. बाबा म्हणाला, हे हिरड्यातले किडे. पण तोवर वृषालीबाई परातीपाशी आल्या होत्या. त्यांनी परातीतलं पाणी बदललं, बाबाच्याच डबीतली चिमूट निखाऱ्यावर टाकली आणि नुसत्या परातीवर घोंगडी पसरली. आत माणूसच नाही. थोड्या वेळाने घोंगडी उचलली. पाण्यावर पांढरे, बारीक, वळलेले किडे.

"हे आता परातीच्या दातातले म्हणायचे का?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी एक किडा तळहातावर घेतला आणि भिंग लोकांच्या हाती दिलं. किडा नव्हताच तो. काटेरिंगणीचं बी होतं, आपल्या बांधावर पिवळ्या फळांची काटेरी रिंगणी पसरते ना, तिचं. निखाऱ्याच्या धगीने बी फुटतं आणि आतला वळलेला पांढरा कोंब टुणकन उडून पाण्यात पडतो. हिमालय गावाच्या शिवेवरच होता. लोकांनी भिंगातून मान वर केली तेव्हा बाबा परात, पकड आणि राणी किडा सोडून पसार झाला होता.

सहादेवचा ओठ आणखीच जड झाला होता, लाजेने. याच झाडाखाली त्याने आरती वाजवून गर्दी जमवली होती.

दुसऱ्या दिवशी तो खुर्चीत बसला. इंजेक्शनने ओठ बधिर झाला, दाताला मागून बारीक भोक पडलं, पू निघून गेला आणि केसासारख्या सुयांनी बाईंनी पोकळी साफ केली. आणखी गोळ्या दिल्या, वर तात्पुरतं सिमेंट भरलं आणि पुन्हा यायला सांगितलं. सूज उतरल्यावर सहादेव म्हणाला, "आता बरं हाय की. परत कशाला जायचं?"

"कुत्रं मेलंय तुजं," दगडाबाई म्हणाली. "चोर गेले का ते बाईला बगू दे. ऊठ."

तो उठला. पोकळी कायमची भरली, दातावर टोपी बसली, आणि तोवर दातांनी ऊस सोलायचा नाही ही बाईंची ताकीदही त्याने पाळली.

नंतरच्या एका बाजाराला चिंचेखाली पुन्हा क्लॅरिनेट वाजली. सूर पहिल्यासारखाच लागला, आणि जयमाला भाजीची पिशवी खाली ठेवून ऐकत उभी राहिली. गर्दी जमली तसं सहादेवने स्वतःच निखारे फुंकले, रिंगणीचं बी टाकलं आणि लोकांना किडे काढून दाखवले. पोरं खिदळली. मग दगडाबाई पुढे झाली. या खेपेला तिच्या तोंडावर पदर नव्हता.

"माज्या तोंडाला हसा, हसा," ती म्हणाली. "पन ऐका. माजे सगळे दात आसेच गेले. एकेक दुखायचा, मग दुखायचा थांबायचा. मला वाटायचं, बरा झाला. थांबला म्हंजी मेला, हे मला कुनी सांगितलंच न्हाई. तुमाला मी सांगतीय."

पोरं हसायची थांबली. मागच्या रांगेतल्या एका बाईने तोंडावरचा पदर खाली घेतला आणि विचारलं, "कोपरगावला ती डॉक्टरीण कुठं बसती?"