कापलेल्या कडा

मित्रांनो, मी एक जुनी ताडपत्राची पोथी आहे. माझ्या पोटात बुद्धांची वचने आहेत, तरीही मी संतापलेली आहे. का, ते ऐका.

आधी ही वचने नुसती तोंडपाठ असत. मग एका लेखनिकाने ताडाची पाने उकळली, वाळवली, घासून गुळगुळीत केली आणि लोखंडी लेखणीने त्यांवर अक्षरे कोरली. वर काजळ चोळले. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला क्रमाचे अक्षर घातले, दोरी ओवली आणि दोन लाकडी फळ्यांत मला बांधले. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी मला वाचले. त्यांच्या बोटांनी मी काळी पडले, पण त्याचा मला भारी तोरा होता.

पुढे मी संग्रहालयात आले. तिथल्या साहेबांनी काचेचे नवे कपाट आणले. लांबीला मी त्याच्यापेक्षा दोन बोटे जास्त भरले. कपाट बदलावे की नाही? साहेबांनी माझी दोरी तोडली आणि सगळ्या डाव्या कडा कापून टाकल्या! क्रम गेला. पत्ते पिसावेत तशी पाने मिसळली.

"अरे, वाचतंय कोण? दिसायला छान दिसली की झालं," ते कारकुनाला म्हणाले. एक पान तर त्यांनी चौकटीत घालून खुर्चीमागे टांगले, तेही उलटे.

तिथे फरशी पुसणाऱ्या बाईला माझी लिपी येत होती. तिच्या भिक्खुणी आत्यानेच ती शिकवलेली. आत्या नव्वदीची, डोळे गेलेले, पण मी तिला अथपासून इतिपर्यंत पाठ. मला पुन्हा लावू शकेल असे दुसरे कोणी उरलेच नव्हते. शरमलेल्या कारकुनाने गुपचूप किल्ली दिली आणि भाची आत्याला हाताला धरून घेऊन आली.

भाची एकेका पानाची पहिली ओळ वाचायची. आत्या म्हणायची, "थांब गं, हे मागाहून. आधी नावाड्याचं पान शोध." अकरा दिवस लागले. आत्याचा घसा बसला, तरी ती उठली नाही.

शेवटी एकाच पानाची जागा रिकामी राहिली. भाची साहेबांकडे गेली. "साहेब, ते भिंतीवरचं पान द्या. आत्या असेपर्यंत पोथी बांधून होऊ दे."

"फरशी पुसायची सोडून मला शिकवतेस? चल, नीघ!" साहेब कडाडले.

मित्रांनो, आम्हाला काचेत मिरवू नका, वाचा. वाचता येत नसेल, तर निदान कात्री लांब ठेवा. माझी नवी दोरी अजून सैलच आहे. आत्या रोज विचारते, "आलं का गं पान?"

तुम्ही म्हणाल, बुद्धांची पोथी आणि एवढा राग? राग कसा सोडावा, ते त्याच पानावर लिहिले आहे.